मंत्रालयातल्या टेबलांना जरा समुद्राचं वारं लागू दे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जकार्ता बुडत चाललंय म्हणून इंडोनेशियाने 2019 मध्ये राजधानी बोर्निओ बेटावर न्यायचं जाहीर केलं, त्यावरून आमच्या नाक्यावर चहा पिताना विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी तुघलक काढलाच. अहो तुघलकाचं सोडा, तो दिल्ली उचलून दौलताबादेत आणायला निघाला होता, मी फक्त मुंबईतली दोनचार सरकारी ऑफिसं कोकणात आणा म्हणतोय.

गेल्या डिसेंबरात आत्याच्या पेन्शनच्या एका कागदासाठी तिला घेऊन मुंबईला गेलो होतो. कुडाळहून रात्रीची कोकणकन्या, पहाटे सीएसएमटी, ऑफिस उघडेपर्यंत बाकड्यावर बसून पिशवीतले घावणे खाल्ले, तिचे गुडघे दुखतात म्हणून टॅक्सी केली, वर पोचलो तर बाईंनी मान वर न करता सांगितलं, साहेब अधिवेशनाला नागपूरला गेलेत, दोन आठवड्यांनी या. आत्या माझ्याकडे बघून म्हणते, "सायब नागपुराक, मगे आपण मुंबयत कशाक इलंव?" मला काय उत्तर सुचेना.

पण परतीच्या गाडीत तेच डोक्यात फिरत होतं. ऑफिसं हलवता येत नाहीत म्हणतात ना, मग विदर्भ महाराष्ट्रात येताना झालेल्या 1953 च्या नागपूर कराराचा मान राखायचा म्हणून दरवर्षी फायली भरून अख्खं सरकार विदर्भात जातं आणि परत येतं ते काय असतं? विदर्भाला निदान हिवाळ्यात तरी सरकार दिसतं, आमच्याकडे ते फक्त ताफ्यातून जाताना दिसतं.

बरं, साखर आयुक्त पुण्यात, कारण ऊस तिकडचा. आदिवासी विकासचे आयुक्त नाशकात, वस्त्रोद्योगाचं नागपुरात, सगळं ठीकच आहे. मग मत्स्यव्यवसाय आयुक्तालय मुंबईत का? आता मुंबईतही कोळीवाडे आहेत, ससून डॉक आहे, ते मान्य, पण मिरकरवाडा, हर्णै, मालवण, देवगड ही बंदरं, पर्ससीन जाळ्यांची भांडणं, एलईडी दिवे लावून मासेमारीच्या तक्रारी, डिझेल परताव्याच्या फायली, सगळं इकडे. फिशरीज कॉलेजसुद्धा रत्नागिरीत शिरगावला आहे. आयुक्त तिथे बसले तर मच्छीमार संस्थेच्या सेक्रेटरीला सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल, आत्ता दोन रात्री गाडीत जातात.

कोणी म्हणेल आता सगळं ऑनलाइन आहे. अहो मग तर साहेबांनी रत्नागिरीत बसून सही करायला काहीच हरकत नाही!

फक्त एक भीती आहे, नवी मुंबईसारखं करू नका. 1970 मध्ये ती वसवायला सिडको काढली तेव्हा सचिवालयही (आताचं मंत्रालय हो) खाडीपलीकडे न्यायच्या गोष्टी होत्या. झालं काय, कांदाबटाट्याचा बाजार गेला, लोखंडवाले कळंबोलीला गेले आणि साहेब मुंबईतच राहिले, वर नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून जागा वाढवली. कोकण विभागाचे आयुक्त तेवढे बेलापूरला बसतात, कोकण भवनात. नाव कोकण, आणि गोव्याच्या हद्दीवरच्या दोडामार्गच्या माणसाला तिथे जायचं तर पाचेकशे किलोमीटर, त्यापेक्षा पणजी त्याला अंगणात. त्यामुळे इकडे आणाल तर सहीच्या अधिकारासकट आणा, नाहीतर पाटी इथे आणि फाईल तिथे असं होतं.

साहेबलोक यायला तयार होणार नाहीत, मुलांची शाळा, आईवडलांचं हॉस्पिटल, हे मला कळतं, त्यात खोटं काही नाही. आमच्या सिरीयस पेशंटला आजही गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. पण माझं म्हणणं उलटं आहे, सचिव दर्जाचा माणूस इथे सहकुटुंब राहिला आणि त्याच्या आईला रात्री दोनला ॲम्ब्युलन्स लागली ना की स्पेशालिस्टची रिकामी पदं कशी पटापट भरतात बघा. मुंबई-गोवा हायवेचंही तसंच, 2011 पासून काम चालू आहे, त्यावरून एका साहेबाच्या सामानाचा टेम्पो येऊ दे एकदा.

आणि जागेची अडचण सांगू नका. 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेव्हा ओरोसला माळावर अख्खं जिल्ह्याचं ठिकाण उभं केलंच की. चहाबिस्कीट आमच्याकडेही मिळतं, ताजी मासळीही रोज मिळेल, पावसाळी बंदीचे 61 दिवस सोडून, तेवढे दिवस साहेबांना सुक्या बांगड्यावर काढावे लागतील.

आपला,
एक वाचक, मालवण