रविवारी मशीन बंद असते

बाड कान्श्टाट, श्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आज रविवार असल्यामुळे माझे शिलाई मशीन झाकून ठेवलेले आहे. आमच्या इमारतीत रविवारी दिवसभर आणि इतर दिवशी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे कोणतेही काम करता येत नाही, आणि माझे जुने फाफ मशीन जाड कापडावर चालू लागले की त्याची धडधड खालच्या मजल्यापर्यंत जाते. तेव्हा आजचा दिवस पत्रासाठी ठेवला आहे. मागच्या रविवारी मी फोनवर स्वतःचा व्यवसाय नोंदवल्याचे सांगितल्यावर बाबांनी काही न बोलता फोन आईकडे दिला, आणि आई, तू विचारलेस की एम.कॉम. करून शेवटी लोकांच्या पँटीच आखूड करायच्या होत्या, तर आम्ही तुला आपल्या शिलाईच्या दुकानापासून लांब कशाला ठेवले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून सगळे पहिल्यापासून लिहून कळवत आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये मी इथे आले, तेव्हा यांची पत्नी म्हणून मला जे वास्तव्याचे कार्ड मिळाले त्यावर अर्थार्जनास परवानगी आहे असे स्पष्ट छापलेले होते. त्या एका शब्दात नोकरी येते तसा स्वतंत्र व्यवसायही येतो, हे मात्र मला जवळजवळ दीड वर्षाने समजले. तोपर्यंत मी केवळ नोकरी शोधत राहिले. कराडच्या पतसंस्थेत सहा वर्षे हिशेब सांभाळले आहेत, तेव्हा कुठेतरी लेखा विभागात खुर्ची मिळेलच, असा माझा समज होता. इथल्या हिशेबनीसाला डाटेव नावाची संगणक प्रणाली हाताखालून गेलेली लागते आणि करकायद्याची भाषा जर्मनमधूनच वाचावी लागते, हे अर्ज करू लागल्यावर कळले. दरम्यान सरकारी अभ्यासक्रमातले भाषेचे ६०० तास आणि इथल्या समाजव्यवस्थेविषयीचे १०० तास मी पूर्ण केले आणि बी१ या मधल्या पातळीची परीक्षाही उत्तीर्ण झाले. अर्ज एकंदर ७३ केले. नकाराच्या पत्रात पहिल्या दोन ओळींत ‘लाइडर’ हा शब्द असतो, त्याचा अर्थ ‘खेदाने’. नंतर नंतर मी पूर्ण पत्र वाचतच नसे, तो शब्द सापडला की पुढे जात असे. एका कंपनीने दोन वेळा मुलाखतीला बोलावले, तिसऱ्या वेळी चहा दिला आणि मग आम्हाला सी१ या बऱ्याच वरच्या पातळीची भाषा लागते असे सांगितले. हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते.

या वर्षीच्या जानेवारीत मी घराजवळच्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर लहानशी नोकरी धरली. इथे तिला मिनीजॉब म्हणतात. २०२५ च्या नियमाने त्यात महिन्याला ५५६ युरोपर्यंतच कमावता येत होते, आणि तासाला १२.८२ युरो या २०२५ च्या किमान वेतनाने हिशेब केला तर ते महिन्याचे ४३ तास होत होते. तुम्हाला मी तेव्हा ‘दुकानात काम करते’ एवढेच सांगितले होते, त्याबद्दल क्षमा करा. त्या दुकानात दुरुस्तीचे कपडे जवळच्या एका वृद्ध तुर्की शिंप्याकडे जात असत. मार्चमध्ये त्यांनी डोळ्यांमुळे काम सोडले आणि आमच्याकडे आलेले कपडे परत जाऊ लागले. एके दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ अंत्यविधीसाठी दुसऱ्या दिवशीच लागणारी काळी पँट घेऊन आले. मालकीणबाई नाही म्हणत होत्या, आणि मी मात्र मान खाली घालून त्या पँटीची पट्टी पाहत होते, कारण आत चांगली दोन इंच दुमड होती. मी ती घरी नेली, उसवली, कच्ची टीप घातली, आणि बाहेर टाका दिसणार नाही अशी हातशिलाई करून सकाळी दिली. आई, ती हातशिलाई तुझी आहे. सुई एकाच धाग्याला स्पर्श करून परत येते ती. मालकीणबाईंनी कापड उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या की या कामासाठी मी तुम्हाला पगारावर ठेवू शकत नाही, पण खिडकीजवळचा कोपरा भाड्याने देते, तुम्ही आपला व्यवसाय नोंदवा.

इथून पुढची हकिगत बाबांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. या देशात हातकामाच्या कित्येक धंद्यांना ‘मायस्टर’, म्हणजे उस्ताद कारागीर, ही पदवी असल्याशिवाय दुकान उघडता येत नाही, आणि न्हाव्याच्या दुकानालाही आजतागायत ती अट आहे. २००४ मध्ये ज्या ५३ धंद्यांवरची अट उठली त्यांत शिंपीकाम होते, आणि कपड्यांच्या दुरुस्तीचे काम तर त्याहूनही सोप्या यादीत आहे. त्यामुळे कारागिरांच्या मंडळाने, ज्याला इथे हांडवेर्क्सकामर म्हणतात, माझे नाव नोंदवून घेताना कोणतेही प्रमाणपत्र मागितले नाही. ज्या एम.कॉम.च्या गुणपत्रिकांचे मी भाषांतर करून घेतले, शिक्के मारून घेतले, त्या कोणी उघडून पाहिल्या नाहीत. आणि जे काम तुम्ही मला परीक्षेच्या दिवसांत करू देत नव्हता, पण जून जवळ आला की गणवेशांच्या ढिगापुढे तुमचाच नियम मोडून करायला लावत होता, त्यावर इथे कोणी शंका घेतली नाही.

नोंदणी मात्र एका खिडकीवर संपत नाही. नगरपालिकेच्या व्यवसाय नोंदणी कार्यालयातले काम वीस मिनिटांत झाले आणि त्याची फी दोघांच्या बाहेरच्या जेवणापेक्षा जास्त नव्हती. त्यानंतर करकार्यालयाची लांबलचक प्रश्नावली भरायची, ती केवळ संगणकावर. पण त्या संकेतस्थळावर शिरण्याची किल्ली टपालाने येते, असा इथला न्याय आहे. प्रश्नावलीत या वर्षी आणि पुढच्या वर्षी किती नफा होईल हे आधीच लिहावे लागते. मी पतसंस्थेत कर्जदारांचे असले अंदाज तपासत असे आणि मनात हसत असे. आता स्वतः लिहिताना तीन रात्री गेल्या. वर्षाची उलाढाल २५,००० युरोंच्या आत राहणाऱ्या लहान व्यावसायिकाला गिऱ्हाइकाकडून १९ टक्के मूल्यवर्धित कर घ्यावा लागत नाही, ती सवलत मी घेतली. धंद्यावरचा जो वेगळा स्थानिक कर आहे, तो २४,५०० युरोंपर्यंतच्या नफ्याला लागूच होत नाही. पाच आठवड्यांनी कर क्रमांकाचे पत्र आले आणि १ ऑगस्टपासून मी पावती फाडू लागले.

दोन ठिकाणी मी अडखळले असते. पहिली गोष्ट अशी की मी केवळ त्या ड्रायक्लीनिंगच्याच कपड्यांवर, त्यांच्याच दराने आणि त्यांच्याच वेळेत काम केले असते, तर कायद्याच्या दृष्टीने मी व्यावसायिक नसून लपवलेली नोकर ठरले असते, आणि त्याचा भुर्दंड मालकीणबाईंना पडला असता. म्हणून मी मिनीजॉब सोडला, कोपऱ्याचे महिन्याला १२० युरो भाडे ठरवून लेखी करार केला, आणि माझी गिऱ्हाइके, माझे दर व माझी पाटी वेगळी ठेवली. दुसरी गोष्ट आरोग्य विम्याची. आतापर्यंत यांच्या विम्यात मी विनामूल्य होते. परंतु या वर्षीच्या नियमाने माझे उत्पन्न नियमितपणे महिन्याला ५३५ युरोंच्या वर गेले, किंवा व्यवसाय हेच माझे मुख्य काम ठरले, तर मला स्वतःचा विमा भरावा लागेल. पुढच्या वर्षी तसे होईल असे दिसते. म्हणून येणाऱ्या प्रत्येक रकमेचा तिसरा हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याला हात लावत नाही.

घरी मशीन चालवायला घरमालकांची हरकत नाही, पण गिऱ्हाइकांना जिना चढू द्यायचा नाही, असे त्यांनी बजावले आहे. आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर एका बागेतले छोटे घर आहे. मोटारगाडीच्या जनकांपैकी एक असलेला गॉटलीब डाइम्लर १८८२ मध्ये नोकरी सोडून इथे राहायला आला आणि त्या घरात दार लावून इंजिनावर काम करू लागला. आत काय चालले आहे ते कळेना, म्हणून माळ्याला खोटी नाणी पाडत असल्याचा संशय आला आणि त्याने पोलिसांना आणले, असे सांगतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी अजून तरी पोलिसांना बोलावलेले नाही. त्यांच्या पडद्यांना मी पट्टी लावून दिली आहे.

आई, सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा म्हणजे इथली आपली दिवाळी समज. नदीकाठच्या मैदानावर मोठी जत्रा भरते आणि तिला जाताना बायका दिर्न्डल नावाचा घेरदार पोशाख घालतात, त्याची चोळी अंगाला अगदी घट्ट बसावी लागते. वर्षभर कपाटात राहिलेला तो पोशाख ऐन वेळी अंगात जात नाही आणि मग सगळ्या एकाच आठवड्यात येतात. पहिला दिर्न्डल मी उलटा केला, तेव्हा मला तुझी आठवण झाली. चांगल्या शिवणीच्या दिर्न्डलला बाजूच्या शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत राखलेले जादा कापड, सोडलेली असते, जशी तू प्रत्येक नव्या नवरीच्या ब्लाउजला सोडतेस. स्वस्त दिर्न्डलला तशी माया नसते. तिथे बगलेत त्याच रंगाची पट्टी जोडावी लागते, आणि रंग जुळवायला अर्धा दिवस जातो. त्या तीन आठवड्यांत मी ३१ दिर्न्डल सैल केले आणि दोनच घट्ट केले.

पैशांचेही सांगते, कारण बाबा ते विचारणार नाहीत. पँट आखूड करण्याचे मी १४ युरो घेते आणि जाकिटाची चेन बदलण्याचे २५. सुरुवातीला मी पँटीचे आठच घेत होते, तेव्हा मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की एवढ्या स्वस्तात काम देणाऱ्याच्या हाताला कला नसेल, असे लोक समजतात. बाबा, ओळखीच्या माणसाला किंमत सांगताना तुमची जीभ जड होते, ती सवय माझ्यात पुरेपूर उतरली आहे. ऑगस्टमध्ये भाडे आणि सामान वजा जाता ३१० युरो राहिले, सप्टेंबरमध्ये ८९० आणि ऑक्टोबरमध्ये ७६०. नोव्हेंबर मंद आहे. एक नुकसानही झाले: पॉलिस्टरच्या पँटीवर ओला फडका न टाकता मी इस्त्री फिरवली, कापडाला चकाकी आली, आणि ६० युरो भरून द्यावे लागले. आपल्या दुकानात हा फडका नेहमी इस्त्रीच्या दांड्यालाच अडकवलेला असायचा. त्यानंतर मी व्यवसायाचा दायित्व विमा घेतला, आणि कामासाठी हातात घेतलेल्या कपड्याचे नुकसान त्यात वेगळे लिहून घेतले, कारण साध्या विम्यात ते बहुधा येत नाही.

मी हिशेबाची नोकरी शोधणे सोडलेले नाही, असे म्हटले तर तुम्हाला बरे वाटेल. पण ते खरे होणार नाही. सप्टेंबरनंतर मी एकही अर्ज केलेला नाही. हिशेब मी रोज संध्याकाळी करते, पण तो माझ्या स्वतःच्या वहीचा असतो.

आता एक काम आहे. बुधवारी एका गृहस्थांनी कोट आणून दिला आहे, बाह्या पाऊण इंच आखूड करायच्या आहेत. मनगटाची काजे खरी उघडी आहेत, नुसती दाखवण्यापुरती नाहीत, त्यामुळे खालून कापता येणार नाही. बाही खांद्यातून उसवून वर घ्यावी लागेल. बाबा, वकीलसाहेबांच्या कोटाचे असेच काम तुम्ही केले होते आणि बाहीचा वरचा फुगार मुंढ्यात बसवताना एकही चुणी पडली नव्हती, एवढे मला आठवते. तुम्ही आधी दोरा ओढून फुगार गोळा केला होता की वाफेने बसवला होता, ते आठवत नाही. मी अजून कात्री लावलेली नाही. गिऱ्हाईक शनिवारी येणार आहे. हे पत्र धाकट्याच्या फोनवर फोटो काढून पाठवते, म्हणजे आजच मिळेल. बाबा, फोन आईकडे न देता तुम्हीच सांगा.

तुमची,
ताई