चर्चिल: सिगारच्या पलीकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांच्याविषयी लिहिताना सिगार, शँपेन आणि दुपारची झोप यांवरच रकाने भरतात, याचा मला मनापासून राग येतो. माणूस कामाचा होता. सकाळी अंथरुणातच सरकारी कागदांचा फडशा पाडायचा, लेखनिकांना मजकूर सांगायचा आणि मध्यरात्र उलटेपर्यंत सहकाऱ्यांना जागे ठेवायचे, ही त्यांची युद्धकाळातली रीत. निकडीच्या कागदावर ‘आजच कार्यवाही’ अशी लाल चिठ्ठी लागे. मग १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मरत असताना, धान्यासाठी जहाजांची मागणी लंडनमध्ये का रखडली? १९४० मधली हिटलरपुढे न झुकण्याची त्यांची जिद्द मी मानतोच. पण आपल्या पुरवणीत त्या जहाजांबद्दलही सविस्तर छापून यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक