सत्कार झाला, गोळी कुठे आहे?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : विंचूदंशावरील प्राझोसिनची गोळी आरोग्य केंद्रात उपलब्ध नसल्याबाबत.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या मुलाला लाल विंचू चावला. शाकारणीसाठी उतरवून ठेवलेल्या कौलांत त्याने हात घातला होता. थोड्याच वेळात तो घामाने निथळला, दोनदा ओकला, हातपाय गार पडले. आम्ही रायगड जिल्ह्यातले. ही लक्षणे म्हणजे जिवाशी गाठ आहे, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. त्यावर कोणती गोळी द्यायची हेही ठाऊक असते, कारण विंचूदंशावर तिचा उपयोग शोधणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आयुष्य आमच्याच जिल्ह्यात, महाडला काढले.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी नव्हती.

सिस्टरांचा दोष नाही. त्यांनी कपाट उघडून दाखवले. म्हणाल्या, "मागणी पाठवलीय ताई, माल आला नाही. तुम्ही पुढे न्या." रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेजाऱ्याच्या टेम्पोत, मांडीवर घेऊन नेला त्याला. वाटेत त्याला धाप लागली, खोकल्याबरोबर फेस येऊ लागला. "आई, मला झोपू दे," म्हणत होता आणि मी त्याला झोपू देत नव्हते. खासगी दवाखान्यात पोचल्यावर त्याला तीच गोळी दिली, जी एका चहाच्या खर्चात येते. पोर वाचले. बिल भरायला पतसंस्थेचे कर्ज काढले, ते फिटेल. पण रात्री त्याने कूस बदलली तरी मी उठून त्याचे पाय चाचपते. ते कुठल्या योजनेत भरून मिळते?

महोदय, २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या भागात आनंदाचा कार्यक्रम झाला. व्यासपीठावरच्या एका पाहुण्यांनी भर सभेत शब्द दिला होता : येत्या पावसाळ्यापासून एकाही केंद्रात ही गोळी कमी पडणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या शब्दाचे काय झाले?

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बावस्करांची हकिगत दरवर्षी वर्गात सांगते. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातला गरीब घरचा मुलगा डॉक्टर होतो आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू होतो. त्या काळी लाल विंचवाच्या गंभीर दंशाने शंभरातले चाळीस जण दगावत, त्यात लहान मुले जास्त. हा माणूस रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवतो. विषाने शरीरात रसायनांचा लोंढा सुटतो, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते, हे त्याला खाटेशेजारी बसून उमगते. १९८२ मध्ये त्याचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात येतो. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी तो या कामाला लावतो आणि मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास येते. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्याने महाडमध्येच केलेली चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापली : गोळीसोबत विंचवाची प्रतिलस, म्हणजे विषावरचे इंजेक्शनही दिले तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो.

हे सगळे सरकारी केंद्राच्या खाटेवर सुरू झाले. त्याच सरकारच्या दुसऱ्या केंद्रात आज गोळी नाही. मग गौरव कशाचा केलात? माणसाला शाल आणि त्याच्या कामाला कुलूप, असा कसला हा मान?

आणि हे एकट्या बावस्करांचे नाही. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय बघा. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्या प्रयत्नातून देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, इंग्लंडमधल्या पहिल्या बाळानंतर अवघ्या ७० दिवसांनी. तिथल्या सरकारने चौकशी समिती नेमली आणि समितीने त्यांना खोटे ठरवले. जपानला जाऊन आपले काम मांडायची परवानगी नाकारली. त्यांची बदली केली कुठे, तर डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीव दिला. मुंबईत १९८६ मध्ये जन्मलेली हर्षा देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली गेली; तिचा जन्म घडवून आणणाऱ्यांपैकी डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्याय यांच्या वह्या वाचल्या आणि जाहीर सांगितले की पहिला मान माझा नाही, त्यांचा. एका शास्त्रज्ञाला हा मोठेपणा जमला. सरकारला तो माणूस जिवंत असताना जमला नाही.

परळच्या संस्थेला ज्यांचे नाव दिले, त्या हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पंजाबात १९०२ मध्ये एका बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसे गेली, तर ठपका हाफकिनवर आला आणि ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. नंतर आपले आले, मग मुखोपाध्यायांचे तसे का झाले? शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कॉलऱ्याचे विष सिद्ध केले. १९७८ मध्ये त्यांना नोबेलच्या परिसंवादाला बोलावणे आले, आपल्याकडे मात्र १९८५ मध्ये ते गेले तरी त्यांची नीट दखल नव्हती. जिवंतपणी बदल्या आणि चौकशा, म्हातारपणी पदक, मेल्यावर नाव. मला याची चीड येते, महोदय, आणि ती मी लपवणार नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळे सांभाळायला शिकवले. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली आले, देशभर ते आशांच्या हाती पोचायला २०११ उजाडले. बारा वर्षे! आणि आज ते काम घरोघर करणाऱ्या आमच्या गावच्या आशाताई मानधनाची वाट बघत बसलेल्या असतात. बाळांना वाचवणारी पद्धत शोधणाऱ्याला पद्मश्री मिळते आणि ती राबवणारीला तिच्या हक्काचे पैसे मागावे लागतात.

माझे मागणे मोठे नाही. पाऊस तोंडावर आहे, विंचू घरात शिरायचे हेच दिवस. प्रत्येक प्राथमिक केंद्रात आणि उपकेंद्रात प्राझोसिन ठेवा, मुलांना वजनाप्रमाणे किती द्यायची याचा तक्ता भिंतीवर लावा आणि प्रतिलस निदान ग्रामीण रुग्णालयात असू द्या. साठा संपला तर कोणाला जाब विचारायचा त्या अधिकाऱ्याचे नाव दारावर लिहा. एखादा तरुण वैद्यकीय अधिकारी असा अभ्यास करत असेल तर तो पुरा होईपर्यंत त्याची बदली करू नका. त्याला पदक नंतर द्या, आधी एक टेबल आणि नोंदी ठेवायला माणूस द्या.

या पत्राला 'आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे' असे छापील उत्तर पाठवू नका. आमच्या केंद्रात गोळी कोणत्या तारखेला आली, एवढे कळवा.

आपली,
रायगड जिल्ह्यातील एक शिक्षिका