मधमाशीच्या डंखाने वजन उतरत नाही

मा. संपादक,

कालच्या आरोग्य पानावर मधमाशीच्या विषाने लठ्ठपणा जातो, असा मोठा मथळा होता. हे प्रयोग उंदरांवरचे, हे मात्र अगदी शेवटच्या ओळीत. दुपारी शेजारचा एकजण रिकामी डबी घेऊन माझ्याकडे माशा मागायला आला! मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सातेरी जातीच्या पाळीव मधमाशीच्या पेट्या ठेवतो. डंख मारला की माशी मरते, हेही त्याला ठाऊक नव्हते.

विषाच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास मेलिटिन नावाचा घटक असतो. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि चरबीयुक्त खाणे घातलेल्या उंदरांवर त्याचा अभ्यास चालू आहे, तो चालू राहावा. पण माणसाचे वजन त्याने उतरते, हे अजून सिद्ध झालेले नाही.

आमच्या वहिनींनी असेच काहीतरी वाचून किनाऱ्यावरच्या एका वेलनेस केंद्रात पैसे भरून पोटावर डंख घेतले. पहिल्यांदा नुसती सूज आली. पुढच्या खेपेला ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागेना. तिथल्या मुलीने बर्फ लावला आणि ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’ म्हणाली. अशा तीव्र अ‍ॅलर्जीच्या वेळी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे लागते. ते तिथे नव्हतेच. भावाने गाडी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पळवली म्हणून वहिनी आज घरात आहेत. केंद्र अजून चालू आहे.

आधी काही झाले नाही म्हणून पुढेही होणार नाही, असे या विषाचे नसते. स्पेनमध्ये ५५ वर्षांची एक बाई दोन वर्षे नियमित डंख घेत होती. एका डंखाने ती बेशुद्ध पडली आणि पुढे दगावली. तिथल्या डॉक्टरांनी २०१८ साली हे छापले आहे. तुमच्या बातमीत अ‍ॅलर्जी हा शब्दसुद्धा नाही.

आणि त्याच बातमीखाली महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या काढ्याची जाहिरात! लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या चमत्कारी उपायांच्या कायद्याने बंदी आहे. लठ्ठपणा त्याच्या यादीत नावानिशी आहे. तुमच्या जाहिरात विभागाने ती यादी वाचावी.

खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. माझ्या दारात उद्या आणखी कुणी डबी घेऊन आले, तर त्यांना दाखवायला मला तो हवा आहे.

— एक मधपाळ, वाळपई