नातवाच्या मार्कांविषयी, दोघांनाही

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा ताईशी बोलणं झालं. बाबांनी तिच्या लेकाला सांगितलंय म्हणे, की सात पॉइंट एक सीजीपीएवर पीएचडीला कोणी दारात उभं करणार नाही, तेव्हा एक वर्ष थांब, इम्प्रूव्हमेंटला बस आणि आठाच्या वर ने. आणि आई, तू त्याला बरोबर उलटं सांगितलंस, की मार्कांचं एवढं काय घेऊन बसलास, मोठमोठे शास्त्रज्ञ शाळेत मागेच होते. तो तुम्हा दोघांनाही मानतो, त्यामुळे आता त्याला काही सुचेनासं झालंय. फोनवर हा विषय निघाला की आपले आवाज चढतात आणि मुद्दा तिथेच राहतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आमच्या विभागात पीएचडीचे अर्ज वाचणाऱ्या समितीवर मी काही वर्षं काम करते आहे. त्यामुळे पुढचं बरंचसं डोळ्यांदेखत पाहिलेलं आहे.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते, कारण तुमचं म्हणणं अर्धं अगदी बरोबर आहे. मार्क लागतात. बहुतेक ठिकाणी किमान गुणांची अट असते आणि ती पूर्ण होत नसेल तर अर्ज कुणी वाचायच्या आधीच बाजूला पडतो. भारतात यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात (काही प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत आहे), आणि चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जायचं असेल तर 75. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत 4 पैकी 3.0 ही रेघ असते. ब्रिटनमध्ये सहसा ‘अप्पर सेकंड’, म्हणजे दुसऱ्या वर्गातला वरचा गट, किंवा त्याच्या वरचा वर्ग मागतात. या रेघांच्या खाली असलेल्या मुलाला ‘मार्कांना काही अर्थ नसतो’ असं सांगणं म्हणजे त्याला तोंडघशी पाडणं आहे. आपला नातू मात्र खाली नाही. त्याला जिथे जिथे अर्ज करायचाय तिथल्या अटी मी त्याच्यासोबत बसून तपासल्या आहेत, सगळीकडे तो बसतो. रेघ एकदा ओलांडली की समोरचे लोक वेगळाच प्रश्न विचारायला लागतात, आणि त्याचं उत्तर आठाच्या आकड्यात नसतं.

निवड कोण करतं यावरही पुष्कळ अवलंबून असतं. अमेरिकेत साधारणपणे विभागाची समिती अर्ज वाचते. जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांत पीएचडीची जागा बऱ्याचदा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरतात. ज्या प्रोफेसरच्या प्रकल्पावर काम करायचं, तेच मुलाखत घेतात आणि त्यांना तीन-चार वर्षं आपल्या लॅबमध्ये निभावून नेईल असा माणूस हवा असतो. स्वतंत्र फेलोशिप देणाऱ्या संस्थांचं गणित निराळं. त्यांच्याकडे अनेक विषयांचे अर्ज एकत्र येतात, सगळ्यांना लावता येईल अशी एखादी पट्टी लागतेच, आणि मार्क ही सगळ्यात सोपी पट्टी. तिथे सात पॉइंट एक नडू शकेल, हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय. म्हणून त्याने सगळी भिस्त फेलोशिपवर ठेवू नये.

आता गुणपत्रिका कशी वाचली जाते ते सांगते, कारण तुमच्या मनातलं चित्र बोर्डाच्या मेरिट लिस्टचं आहे. मी एकूण सीजीपीए बघते आणि पुढे जाते. मग शेवटची दोन सत्रं. मग ज्या विषयात संशोधन करायचंय त्याच्या पायाचे पेपर कोणते आणि त्यांत काय पडलंय. पहिल्या वर्षी गडगडलेला आणि पुढे सत्रागणिक चढत गेलेला मुलगा आणि सुरुवातीच्या पुण्याईवर तरलेला मुलगा, दोघांची सरासरी सारखीच निघू शकते, पण वाचणाऱ्याला ती दोन अगदी निराळी माणसं दिसतात. एखाद्याने अवघड, वरच्या पातळीचा कोर्स मुद्दाम घेऊन त्यात बी मिळवला असेल तर मला तो सोप्या कोर्सातल्या ए-पेक्षा जास्त बोलका वाटतो. शिवाय दूरच्या संस्थेतला सात म्हणजे काय हे समितीला पुष्कळदा ठाऊकच नसतं. काही संस्था मार्क सढळ हाताने देतात, काही हात आखडता घेतात. त्याच्या वर्गात आठाच्या वर मोजकीच मुलं आहेत. म्हणून मी त्याला सांगितलंय, की शिफारसपत्र देणाऱ्या सरांना वर्गातला तुझा क्रमांक लिहायची विनंती कर. तो क्रमांक आकड्यापेक्षा जास्त सांगून जाईल.

आणि शिफारसपत्र हीच खरी गोष्ट आहे, बाबा. बहुतेक पत्रं एकाच साच्यातली असतात: विद्यार्थी हुशार आहे, नियमित आहे, माझ्या विषयात त्याला ए मिळाला. यातलं सगळं गुणपत्रिकेत आधीच दिसलेलं असतं, पत्राने नवं काहीच सांगितलेलं नसतं. पण एक पत्र माझ्या अजून लक्षात आहे. एका मुलीच्या गाईडने लिहिलं होतं, की ती एका एन्झाइमवर काम करत होती, आकडे सुंदर येत होते, सगळे खूश होते. तिने मात्र एन्झाइम न घातलेली नळीही प्रत्येक वेळी मोजायचा हट्ट धरला, आणि एक दिवस त्या रिकाम्या नळीतही क्रिया होताना दिसली. तिने बफरवर, म्हणजे ज्या द्रावणात प्रयोग करतात त्यावर, संशय घेतला, नव्या बाटलीतून नवा बफर केला, क्रिया थांबली. जुना बफर दूषित झाला होता. आधीचे सगळे सुंदर आकडे टाकून द्यावे लागतील, हे तिने स्वतः जाऊन गाईडला सांगितलं. पत्रात याशिवाय फारसं काही नव्हतं. तिचे मार्क त्या वर्षीच्या अर्जांत मधले होते. तिची मुलाखत घ्यायची यावर समितीत कुणाचंच दुमत झालं नाही.

हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेत चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 2008 ते 2010 मध्ये जीववैद्यकीय पीएचडीला आलेल्या मुलांचे अर्ज नंतर पुन्हा काढून तपासले गेले. 2017 साली तो अभ्यास छापून आला. पुढे कुणी किती शोधनिबंध पहिला लेखक म्हणून लिहिले, याचा संबंध ना प्रवेश परीक्षेच्या गुणांशी लागला, ना पदवीच्या मार्कांशी, ना मुलाखतीच्या शेऱ्यांशी. आधी किती काळ संशोधन केलं होतं याच्याशीसुद्धा नाही. फरक दिसला तो शिफारस करणाऱ्यांनी मुलांना दिलेल्या मूल्यमापनात.

पण तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत, तेव्हा यातली खोच तुम्हाला लगेच कळेल. हा हिशेब फक्त निवडून आलेल्या मुलांचा आहे. ज्यांना मार्कांमुळे प्रवेशच मिळाला नाही ते त्यात नाहीतच. एकाच वजनगटातल्या पैलवानांच्या कुस्त्या बघून ‘वजनाचा निकालाशी संबंध नाही’ असं म्हणण्यासारखंच ते. म्हणून ‘मार्क बिनकामाचे’ असा निष्कर्ष मी त्यातून काढणार नाही. 2019 मध्ये भौतिकशास्त्राच्या पीएचडीबद्दल एक अभ्यास आला, त्यात पदवीच्या मार्कांचा पीएचडी पूर्ण होण्याशी संबंध दिसला होता. तिथे विषयाच्या जीआरईचा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेश परीक्षेचा, असा भरवशाचा संबंध लागला नाही, पण त्या अभ्यासाच्या संख्याशास्त्रावर पुढे टीकाही झाली. मला यातून एवढंच दिसतं, की रेघ ओलांडलेल्या मुलांमध्ये सात की आठ यावरून पुढचं फारसं कळत नाही.

आता त्या एका वर्षाचं. इम्प्रूव्हमेंटला बसून तो आठाच्या वर गेला असं धरून चाला. समितीला काय दिसेल? जुनेच पेपर त्याने दुसऱ्यांदा दिले आणि चांगले दिले. त्या वर्षात त्याच्या हातून नवं काही घडलेलं नसेल आणि त्याच्याबद्दल नवं लिहू शकेल असा कुणी माणूसही मिळालेला नसेल. त्याऐवजी त्याने याच वर्षी अर्ज करावेत आणि निकाल लागेपर्यंत एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करावं, असं माझं म्हणणं आहे. कुठल्याही लॅबमध्ये नव्हे. चॅपल हिलच्या त्या अभ्यासात अनुभवाचा काळ महत्त्वाचा ठरला नाही, हे मला पटतं. दोन वर्षं नुसती सांगितलेली मोजमापं करणाऱ्या मुलाबद्दल गाईडला लिहिण्यासारखं काही नसतं. सहा महिने असोत, पण गाईड रोज त्याच्या कामाच्या टेबलापाशी येऊन ‘हे असं का आलं?’ विचारणारा हवा आणि नातवाला स्वतःच्या डोक्याने एखादा प्रयोग आखायची मुभा हवी. लॅब शोधताना ह्याच दोन गोष्टींची चौकशी कर, असं मी त्याला सांगितलंय. नावाजलेली संस्था नसली तरी चालेल.

आई, आता तुझं. तू त्याला जॉन गर्डनची गोष्ट सांगितलीस, असं ताई म्हणाली. गोष्ट खरी आहे. 1949 मध्ये शाळेत जीवशास्त्रात 250 मुलांत ते शेवटचे आले होते आणि शास्त्रज्ञ व्हायची त्यांची इच्छा हास्यास्पद आहे असं शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण मधली वर्षं या गोष्टीत कुणी सांगत नाही. त्यांनी ऑक्सफर्डला प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि तिथेच त्यांना डॉक्टरेटसाठी हाताशी धरणारा मार्गदर्शक मिळाला. बेडकाच्या पेशीकेंद्रकाचे ज्यांच्यामुळे नोबेल मिळालं ते प्रयोग त्या कामातूनच उभे राहिले. शाळेतला शेरा पुसला गेला, कारण मध्ये दुसरं काही उभं राहिलं होतं. तुझ्या नातवाला धीराची गरज आहे आणि तो तुझ्याइतका कुणी देऊ शकत नाही. फक्त मार्क सोडून दे असं त्याला सांगू नकोस. त्याचं शेवटचं सत्र अजून व्हायचंय आणि ते समिती नीट निरखून बघेल.

दोन पेपरांचं मात्र मलाही वाईट वाटतं. सांख्यिकीतला सी मी फारसा मनावर घेणार नाही, तो पहिल्या सत्रातला आहे. पण त्याला प्रथिनांच्या रचनेवर काम करायचंय आणि भौतिक रसायनात सी आहे, हे कुणाच्याही नजरेला खुपणार. त्यावर उपाय आहे. शेवटच्या सत्रात त्याने थर्मोडायनॅमिक्सचा वरचा कोर्स घेतला आहे, तिथे मनापासून जोर लावायचा. अर्जाच्या निवेदनात याबद्दल दोन वाक्यं पुरेत: त्या सत्रात काय झालं आणि त्यानंतर त्याने काय केलं. तो आजारी होता हे खरं आहे, ते साधेपणाने लिहावं. रडगाणं गायलं की वाचणारा कंटाळतो आणि लपवलं की संशय घेतो. आणि त्याच्या गाईडने पत्रात त्याच विषयातल्या त्याच्या समजेबद्दल एक ओळ लिहिली तर फारच उत्तम.

गाईडकडे लिहिण्यासारखं आहे, हे मला माहीत आहे. मागच्या महिन्यात फोनवर तो मला सांगत होता, की प्रथिन शुद्ध करून जेलवर चालवलं (त्यात प्रथिनं आकारानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतात) तर हव्या त्या पट्टीच्या खाली आणखी एक फिकी पट्टी यायची. लॅबमधले सगळे म्हणाले, अशुद्धी असेल, पुन्हा शुद्ध कर. त्याला वाटलं, प्रथिनच तुटत असेल. म्हणून त्याने एक वाटा सगळा वेळ बर्फावर ठेवला आणि त्यात प्रोटिएझ इन्हिबिटर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारं रसायन, घातला, दुसरा वाटा तसाच ठेवला, आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवले. पहिल्यात खालची पट्टी नव्हती. हे सांगताना त्याचा आवाज ऐकायला हवा होतात तुम्ही. सीजीपीएबद्दल विचारलं की तो एका शब्दात उत्तर देतो, त्या दिवशी मात्र ताईने जेवायला हाक मारेपर्यंत बोलत होता.

बाबा, तो रविवारी तुमच्याकडे येतोय. त्याला इम्प्रूव्हमेंटच्या फॉर्मची शेवटची तारीख विचारू नका, ही माझी विनंती. त्याऐवजी निवेदनाचा पहिला मसुदा त्याच्याकडून वाचून घ्या. तुम्ही जीवरसायनातले नाही हे उत्तमच आहे. जिथे तुम्हाला कळणार नाही तिथे समितीतल्या दुसऱ्या विषयाच्या माणसालाही कळणार नाही, तेव्हा अशा प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा. आई, तू त्याला सरांकडे पत्र मागायला या आठवड्यातच पाठव. तो भिडस्त आहे, उद्यावर ढकलत राहील, आणि सरांना नीट लिहायला निदान महिनाभर हवा. मसुदा झाला की मला पाठवायला सांगा, मी त्याच रात्री वाचेन.

तब्येतीला जपा. बाबांची रक्तदाबाची गोळी चुकवू देऊ नकोस, आई.

तुमची,
धाकटी