गाडी अर्धवट ठेवल्याबद्दल

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. मागे एकदा मी आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही माझ्याकडे न बघताच हात पुढे केलात आणि म्हणालात, "बारा-तेराचा पाना दे." विषय संपला. म्हणून आता लिहून मानतोय, आणि तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला मधेच पाना मागता येणार नाही. नात वाचून दाखवायला लागली की चष्मा शोधायच्या निमित्ताने उठू नका.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी दोन ओळी. काका एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला एकतीस वर्षं होते. नुसत्या चासीवर लाल डब्याची बस उभी करायची, पत्रा कापायचा, रिवेट मारायचे, हे काम. निवृत्तीनंतर कासारवाडीत घरामागच्या शेडमध्ये आमच्यासारख्या हौशी लोकांचा कट्टा जमला. बँकेतल्या साहेबांची जुनी जीप, एका पोराची १९८५ ची मारुती ८०० आणि माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट. परदेशात लोक गॅरेजमध्ये नवी गाडीच घडवतात म्हणे. आपल्याकडे तशी गाडी रस्त्यावर आणायला आरटीओ नावाचा डोंगर आडवा येतो, म्हणून आपली हौस जुनी गाडी उठवून बसती करण्यावर भागते.

माझी पद्मिनी १९७६ ची, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली. २०२१ मध्ये फलटणजवळच्या एका उसाच्या रानातल्या शेडमधून आणली तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक म्हणाला, "पिल्लं निघेपर्यंत थांबा." आम्ही तीन आठवडे थांबलो. फ्लोअरचा पत्रा इतका सडलेला की गाडीत बसून खालची माती दिसायची. तो सगळा पत्रा तुम्ही माझ्याकडून कापून घेतलात, माझ्याकडूनच वेल्ड करून घेतलात. पहिल्या वेल्डिंगला तुम्ही "शेणाच्या गोवऱ्या" म्हणालात. बरोबरच होतं ते.

२०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, ती भरली. पेपरात पानभर फोटो, लोक काळ्यापिवळ्या टॅक्सीला हार घालतायत. त्याच आठवड्यात मला कंपनीचं पत्र मिळालं. चाकणला इंजिनाचे पार्ट मशीन करणारी आमची लाईन बंद केली, तिच्याबरोबर आम्ही बेचाळीस जण. अठरा वर्षं आठ महिने नोकरी. आम्हाला हार नाही, एका लिफाफ्यात हिशोबाचा कागद. कंपनीचं नाव घेत नाही, तिथे अजून मित्र आहेत.

घरी सांगायच्या आधी मी तुमच्या शेडवर आलो, हे हिला अजून माहीत नाही. आता कळेल. तुम्ही "वाईट झालं" म्हणाला नाहीत. कागद मागितलात, चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "मेडिक्लेम कधी संपतो?"

मला तोवर सुचलंच नव्हतं. पगार गेला हे कळत होतं. पगाराबरोबर घरातल्या चौघांचा विमाही गेला, हे कळत नव्हतं. कंपनीचा ग्रुप विमा, नोकरीचा शेवटचा दिवस तोच त्याचाही. तुम्ही सांगितलंत, मुदत संपायच्या आत त्याच विमा कंपनीकडे अर्ज कर, स्वतःच्या नावाच्या पॉलिसीत जाता येतं, जुनी वर्षं वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे जुन्या आजारांना विमा लागू होईपर्यंत थांबायच्या काळात, धरतात. मुदत एकदा गेली की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या पुतण्याचं तसं झालं होतं. मी म्हटलं, एवढे पैसे आत्ता कुठून? तुम्ही बोनेटवर बोट ठेवलंत. रंगकामासाठी मी पंचेचाळीस हजार बाजूला काढले होते, तुम्हाला माहीत होतं. "रंग नंतर. गाडी प्रायमरवर पण चालते."

मग त्याच प्रायमर मारलेल्या बोनेटवर तुम्ही खडूने माझ्या ग्रॅच्युइटीचं गणित मांडलंत. मूळ पगार ३१,२०० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला अठरा हजार. कंपनीने अठरा वर्षं धरली होती. सहा महिन्यांच्या वर गेलं की ते वर्ष पूर्ण धरतात, युनियनच्या कामात तुम्ही हे शेकडो जणांचं करून दिलेलं. एकोणीस वर्षांचे तीन लाख बेचाळीस हजार. अठरा हजार कमी लावले होते. मुद्दाम की चुकून, देव जाणे. मी पत्र दिल्यावर गुपचूप वाढवून दिले. तो खडू मी कितीतरी दिवस पुसला नाही.

आठवड्याभराने मी गाडी विकायची म्हणालो. इथे कोणीही "विकू नको रे, हौस आहे तुझी" म्हणालं असतं. तुम्ही म्हणालात, "विक. पण चालू करून विक. बंद गाडी भंगाराच्या भावाने जाते. उद्या नऊला ये." दुसऱ्या दिवशी आलो तर तुम्ही दोनशे पानी वही आखून ठेवली होती. तारीख, नाव, काम, सही. हजेरीपट! मी हसलो. तुम्ही नाही हसलात. नऊला पाच मिनिटं कमी असताना आलो तर निळी सही, नऊनंतर आलो तर "उशिरा" असा शेरा. ज्या दिवशी मुलाखत असेल त्या दिवशी "ड्युटीवर बाहेर". चाकण, रांजणगाव, भोसरी, सगळीकडे मी ड्युटीवर बाहेर गेलो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला समोरची पंचविशीतली मुलगी "सर, आम्ही कळवतो" म्हणते आणि कळवत नाही. तिथून निघालो की मला जायला जागा होती. घरी अकरा वाजता बनियनवर बसलेला बाप पोरांना दिसला नाही, तो या वहीमुळे.

ऑगस्ट २०२४ चा तो गुरुवार. मागचा ब्रेक ड्रम निघत नव्हता, मी हातोडी मारत होतो, आणि छातीच्या मधोमध कोणी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. घाम पाठीवरून पँटीत उतरला. मी म्हटलं, सकाळचा वडापाव, पित्त असेल. काकू सोडा घेऊन आल्या. तुम्ही त्यांच्या हातातला पेला काढून घेतलात. दापोडीला तुमच्या शेजारच्या बेंचवरचा माणूस असाच "पित्त झालंय" म्हणत घरी गेला होता आणि परत आला नव्हता, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. त्या वेळी तुम्ही एवढंच म्हणालात, "हातोडी ठेव." एका हाताने १०८ लावत होतात, तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी रिक्षा वळताना दिसली. नाशिक फाट्याच्या गर्दीत तुम्ही अर्धे बाहेर लटकून रस्ता मागत होतात. एकाहत्तर वर्षांचे तुम्ही.

कॅज्युअल्टीत बोटाला चिमटा लावला तर मशीन आकडाच दाखवेना. सिस्टर म्हणाली, "हे काय लावलंय हाताला?" ग्रीस होतं. नखांच्या आतपर्यंत. तिने स्पिरिटच्या बोळ्याने एकच बोट पांढरं केलं, बाकीची नऊ काळी. ईसीजी काढला, गोळ्या चावून खायला दिल्या, मनगटातून नळी घातली. एक रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद. एक स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. स्टेंटच्या किमतीवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली, त्याआधी औषध लावलेल्या स्टेंटला लाख-सव्वालाख लावायचे, त्याचे तेव्हा तीस हजारांच्या आत आले. तरी सगळं मिळून बिल दोन लाखांच्या पुढेच गेलं. ते विम्याने दिलं. म्हणजे माझ्या गाडीच्या रंगाने दिलं.

पुढचे पंधरा दिवस भेटायला येणारा प्रत्येक जण तोच विनोद करायचा: पेट्रोलची नळी तुंबली होती, साफ केली, आता ॲव्हरेज वाढेल. मी प्रत्येकाला हसून दाखवायचो. तुम्ही तो केला नाहीत. रोज नऊला फोन यायचा. "हजर?" "हजर." फोन बंद. बस. रात्री डाव्या खांद्यात जरा चमकलं की मी उठून बसायचो आणि घड्याळ बघायचो, नऊला किती तास आहेत.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

डॉक्टरांनी दीड महिना वजन उचलू नको म्हणून सांगितलं होतं. दीड महिन्याने शेडवर आलो तर पद्मिनी होती तशीच, ड्रमसुद्धा निघालेला नाही, माझी हातोडी तिथेच पडलेली, गाडीवर धूळ. काका, खरं सांगतो, मला राग आला होता. वाटलं, इतकी माणसं रविवारी इथे चहा पितात, एकालाही हात लावावासा वाटला नाही? बोललो नाही. मनात ठेवलं.

मारुतीवाल्या पोराने बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. सगळ्यांनी ठरवलं होतं की मी घरी आहे तोवर इंजिन बसवून टाकायचं आणि मी आलो की चावी फिरवून दाखवायची. साहेबांनी तर कुर्ल्याहून कार्बोरेटरचं किट मागवून ठेवलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. "ती त्याची आहे. त्याच्या पाठीमागे आपण पुरी केली तर तो आला की बघायला येईल, कामाला येणार नाही." साहेब तुमच्याशी दोन रविवार बोलले नव्हते म्हणे.

मग मला आठवलं की गाडी तशीच असली, तरी घरी काहीतरी आलं होतं. डिस्चार्जनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही श्रीखंडाचा रिकामा डबा पाठवला होता, आत सुटा केलेला कार्बोरेटर, जुना टूथब्रश आणि चिठ्ठी: "जेटमध्ये तार घालू नकोस, भोक मोठं होतं. फुंकर मार." हिने पेट्रोलच्या वासाबद्दल तुम्हाला फोनवर ऐकवलंही होतं. मी बाल्कनीत पेपर पसरून चार दिवस त्या सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटांमध्ये फुंकर मारत बसलो. तांदळाच्या दाण्याएवढं पितळ, त्यात सुईच्या टोकाएवढं भोक, उजेडाकडे धरलं की पलीकडचं नारळाचं झाड दिसायचं. त्या चार दिवसांत मी एकदाही नाडी मोजली नाही.

इंजिन बसवलं त्या दिवशी प्लगच्या वायरी मी सरळ एक-दोन-तीन-चार अशा लावल्या. तुम्ही समोर स्टुलावर चहा घेऊन. सेल्फ मारला तर कार्बोरेटरमधून फाटकन आवाज, शेजारचं कुत्रं पळालं. तुम्हाला आधीच दिसलं होतं ना? पाऊण तास गेला, काकूंनी दुसरा चहा आणला, आणि मग माझं मलाच आठवलं, ठिणगीचा क्रम: एक-तीन-चार-दोन. तुमचा तो पाऊण तास मला वेल्डिंगपेक्षा अवघड काम वाटतं. मला जमलं नसतं, मी हात घातला असता.

बाकी तुम्हाला माहीत आहेच. भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम मिळालं, पगार पूर्वीच्या दोन तृतीयांश, पण घराजवळ. हजेरी आता फक्त रविवारी. गाडी विकायची राहिली ती राहिलीच. यंदा तिला पन्नास वर्षं पूर्ण होतात, साहेब म्हणतात व्हिंटेज म्हणून नोंदव, वीस हजार फी. पण मग ती रॅली-प्रदर्शनापुरतीच रस्त्यावर आणता येते, आणि मला तर तिच्यातून हिला घेऊन भाजीला जायचंय. दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर भरीन. रंग अजून नाही. प्रायमरवरच चालते.

परवा तुमच्या वहीची मागची पानं चाळली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४, माझ्या नावापुढे रोज एक ओळ, लाल शाईत, तुमच्या अक्षरात: "रजा – वैद्यकीय". रविवारसुद्धा सोडला नाहीत. एकाही दिवशी "गैरहजर" नाही.

पुढच्या महिन्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. महिनाभर वाकायचं नाही, वेल्डिंगचा उजेड नाही, धूळ नाही. वही त्या दिवशी माझ्याकडे द्या. लाल पेन मी आणलंय. आणि मागच्या डाव्या दरवाज्याचा पत्रा तुम्ही अर्धा ठोकून ठेवलाय, बिजागरीपाशी अजून दोन सुताची फट आहे. मारुतीवाला म्हणत होता, तेवढा आपण करून टाकू. मी त्याला सांगितलंय, त्या दरवाज्याला कोणी हात लावायचा नाही.

नऊला फोन करीन. हजर म्हणा.

तुमचा,
पद्मिनीवाला