आठशे कॅलरींचा तक्ता

लग्नसराईनिमित्त रविवारच्या पुरवणीत आलेला, महिन्याभरात आठ किलो वजन उतरवण्याचा लेख वाचला आणि सोबतचा तक्ता खटकला. सकाळी ग्रीन टी, दुपारी एक फुलका नि काकडी, रात्री मुगाचे कढण. लेखाच्याच हिशेबाने दिवसाला आठशे कॅलरी.

1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, अर्थात त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांना रोज मिळत सुमारे 1570 कॅलरी, म्हणजे या तक्त्याच्या जवळपास दुप्पट! तरीही ही धडधाकट मुले उदास, चिडचिडी झाली. अन्नाशिवाय दुसरा विषय सुचेना; काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटल्या चाटू लागले. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही अनेकांचा हात आवरेना. तेव्हा डाएट मोडून रात्री फरसाणाचा डबा रिकामा करणाऱ्या मुलीला ‘मनाचा निग्रह नाही’ म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे तर सुरुवातीला कौतुकच होते. ‘किती बारीक झालीस गं, छान दिसतेस!’ पाळी चुकते, केस गळतात, तेव्हा कुठे डॉक्टर आठवतात. अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणेच तोडण्याचा आजार) हा सर्वाधिक जीवघेण्या मानसिक आजारांपैकी एक आहे, हे घरात कुणाच्या गावीही नसते.

असे तक्ते छापायचेच असतील, तर आधी आहारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत आणि वाढत्या वयातील मुलामुलींसाठी ते नाहीत, हे ठळक टाइपात छापावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली